ट्रान्सफर हब का उभं राहत नाही? विकसनशील देशांतल्या खऱ्या अडचणी

दिशादर्शक

मोठा विमानतळ बांधला, दहा-वीस नवी विमानं घेतली आणि नकाशावर देश दोन खंडांच्या मधोमध दिसला, की हब, म्हणजे प्रवासी विमान बदलून पुढच्या देशात जातात असा विमानतळ, आपोआप होणार, असा अनेक सरकारांचा समज असतो. प्रत्यक्षात अदिस अबाबा आणि पनामा सिटी अशी मोजकीच नावं पुढे येतात. बाकीच्या ठिकाणी इमारत चकचकीत होते आणि ट्रान्सफरचे प्रवासी दुबई, दोहा, इस्तंबूलमार्गे जात राहतात.

यामागे मला एक मूळ मुद्दा दिसतो. हबच्या गिऱ्हाइकाला तुमच्या देशात यायचंच नसतं. लागोसहून ग्वांगझूला निघालेल्या माणसाला मधल्या शहराशी काही देणंघेणं नसतं. त्याला एकूण प्रवास थोडक्यात व्हायला हवा, भाडं परवडायला हवं, बॅग सोबत पोचायला हवी आणि मधल्या देशाचा व्हिसा लागायला नको. यातलं एक जरी बिघडलं तरी तो तिकीट काढतानाच दुसरं शहर निवडतो, तक्रारसुद्धा करत नाही. स्थानिक प्रवासी रांग सहन करतो, कारण त्याला तिथूनच निघायचं असतं. ट्रान्सफरवाल्याकडे कायम दुसरा पर्याय असतो.

ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी एकेक अडचण कारणासकट मांडावी. "भ्रष्टाचार" आणि "इच्छाशक्तीचा अभाव" एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

खडूफळा

सुरुवात गणितापासून करू, कारण बऱ्याच योजना तिथेच अडकतात.

हबला n शहरं जोडली तर त्या शहरांच्या आपसातल्या जोड्या n(n−१)/२ होतात. सहा शहरं असतील तर १५ जोड्या, दहा असतील तर ४५, वीस असतील तर १९०, चाळीस असतील तर ७८०. एकविसावं शहर जोडलं की एका विमानफेरीत वीस नव्या जोड्या मिळतात. सातवं जोडलं तर सहाच. म्हणून मोठं हब स्वस्तात वाढतं आणि छोटं हब प्रत्येक नव्या मार्गावर रक्त आटवतं. सुरुवातीची काही वर्षं तोटा सोसायची तयारी नसेल तर या उताराच्या तळाशीच अडकायला होतं.

शिवाय सगळ्या जोड्या कामाच्या नसतात. दोन्ही शहरं हबच्या एकाच बाजूला असतील तर प्रवाशाला उलट जाऊन परत यावं लागतं. थेट अंतराच्या सव्वापटीच्या आसपास वळसा चालतो. दीडपट झाला की भाडं बरंच पाडल्याशिवाय कोणी बसत नाही. अदिसचा फायदा असा, की पूर्वेकडून आलेलं विमान आणि आफ्रिकेत आत जाणारं विमान साधारण एकाच दिशेनं पुढे जातात.

आता फेऱ्यांचं बघा. अ शहराची फेरी सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि ब शहराची मंगळवार-गुरुवार-शनिवार असेल, तर नकाशावर जोडी आहे, पण प्रवाशासाठी ती नाहीच. रोजची फेरी नसेल तर वरचे आकडे कागदावरच राहतात.

सांजवेळ

खडूफळा, फेऱ्यांच्या मुद्द्याला जोडून: विमानं दिवसभर विखरून उतरली तरी उपयोग नाही. ती लाटेनं यायला हवीत. साधारण तासाभरात सगळी उतरायची, तासभर प्रवासी आणि बॅगांची अदलाबदल, मग तासाभरात सगळी उडायची. दिवसातून अशा दोन-तीन लाटा.

पण लाट हबच्या मर्जीवर नसते, दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर असते. धावपट्टीवर दिवे नसल्यानं सूर्यास्तानंतर बंद होणारे विमानतळ अजूनही पुष्कळ आहेत. पहाटेच्या लाटेत सामील व्हायचं तर तिथून मध्यरात्रीनंतर निघावं लागेल, ते शक्य नाही. मग ते विमान दुपारी येतं आणि त्यातला प्रवासी रात्रीच्या उड्डाणासाठी आठ-नऊ तास बसून राहतो. इतका वेळ झाला की विमान कंपनीला हॉटेल द्यावं लागतं, हॉटेलसाठी देशात प्रवेश द्यावा लागतो, आणि पुन्हा व्हिसाचा प्रश्न येतो. मूळ दोष कुठे, तर हजार किलोमीटरवरच्या एका छोट्या धावपट्टीला दिवे नाहीत.

मोजपट्टी

सांजवेळ यांनी मधला जो तास सांगितला, तो उघडून दाखवतो. माझ्या मते हब मरतं ते याच तासात.

धरा, एका लाटेत दहा विमानं आली, प्रत्येकात १५० प्रवासी, त्यातले साठ टक्के ट्रान्सफरचे. म्हणजे ९०० माणसं. ती सगळी चाळीस मिनिटांच्या आत ट्रान्सफरच्या सुरक्षा तपासणीपाशी येतात. साध्या क्ष-किरण यंत्राची एक रांग तासाला १५० माणसं काढते, म्हणजे चाळीस मिनिटांत १००. नऊ रांगा लागतील. नवख्या हबवर ट्रान्सफरसाठी तीन रांगा असतात, त्यातली एक बंद नसेल असं धरू. तीन रांगांचा वेग तासाला ४५०. शेवटचा माणूस दोन तासांनी बाहेर पडतो. पुढच्या विमानाचं दार तोवर केव्हाच बंद झालेलं असतं.

"मग नऊ रांगा लावा" हे सोपं उत्तर. पण लाट ओसरली की त्यातल्या सात रांगा चार तास रिकाम्या. कर्मचारी आठ तासांच्या सलग पाळीवर, सरकारी सुरक्षा दलाचे, आणि त्यांचं वेळापत्रक विमान कंपनीच्या हातात नाही. तुकड्या-तुकड्यांची पाळी लावायला त्या दलाचे नियम बदलावे लागतात. हे पत्र वर्षभर फिरत राहतं.

बाकीचा हिशोबही याच तासातला. चाकांना अडसर लागल्यावर दार उघडेपर्यंत तीन-चार मिनिटं. विमान टर्मिनलला जोडणारा पूल नसेल तर शिड्या आणि बस: १५० माणसांना दोन बस, दुसरी बस भरून टर्मिनलला पोचेपर्यंत वीस मिनिटं सहज जातात. शेवटी पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद. साठ मिनिटांतून हे सगळं वजा केलं की तपासणी आणि चालणं यांना मिळून सोळा ते बावीस मिनिटं उरतात.

निळीरेघ

मोजपट्टी, अगदी नेमकं. यात एक भर घालते.

प्रत्येक विमानतळाचा किमान जोडवेळ, म्हणजे दोन विमानांमध्ये कमीत कमी लागणारा वेळ, बुकिंगच्या यंत्रणांत नोंदवलेला असतो, आणि त्यापेक्षा कमी अंतराची जोडी तिकिटासाठी दिसतच नाही. व्हिएन्नानं तो २५ मिनिटांपर्यंत आणून दाखवला होता. नव्या हबपुढे दोन्हीकडून संकट असतं. खरोखर ९५ मिनिटं लागत असताना ६० नोंदवली तर रोज माणसं मागे राहतात. प्रामाणिकपणे १२० नोंदवली तर एकूण प्रवासवेळ वाढतो, आणि शोधयादी बहुतेक वेळा प्रवासवेळ आणि भाड्यानुसार लागत असल्यानं तुमचा पर्याय खाली घसरतो. तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

उतारवारा

बॅगांचं कोणी बोललं नाही अजून.

९०० ट्रान्सफर प्रवासी म्हणजे हजारेक बॅगा. त्यांची वर्गवारी हबवर सुरू करून चालत नाही, ती मूळ शहरात भरतानाच करावी लागते. मोठ्या विमानात ट्रान्सफरच्या बॅगांचा कंटेनर वेगळा आणि दाराजवळ ठेवतात, म्हणजे तो आधी निघतो. बोइंग ७३७ सारख्या छोट्या विमानात बॅगा सुट्याच रचतात. तिथे ट्रान्सफरच्या बॅगा शेवटी, दाराशी. लहान गावातल्या लोडरला हे कोणी शिकवलेलं नसेल तर हबवर विमानाचं पूर्ण पोट रिकामं केल्याशिवाय त्या सापडत नाहीत.

त्यातही तासाभराच्या आतली जोडणी असलेल्या बॅगा पट्ट्यावर न टाकता थेट एका विमानाकडून दुसऱ्याकडे न्यायला हव्यात. त्यासाठी विमान उतरण्यापूर्वीच कुठली बॅग कुठल्या विमानाची, हा ट्रान्सफर संदेश हबच्या हँडलिंग कंपनीला मिळतो. संदेश येतो, पण तो वाचून ट्रॅक्टरवाल्याला सांगणारा माणूस नेमलेला नसतो. मग सगळं पट्ट्यावर जातं, दहा आकडी टॅगचा बारकोड चुरगळलेला असला की हातानं वाचायचं, आणि बॅग राहते.

बॅग राहिली तर पाठवता येते. त्याहून वाईट उलटं: बॅग विमानात चढली आणि प्रवासी तपासणीच्या रांगेत अडकला. आंतरराष्ट्रीय उड्डाणात मालक नसलेली बॅग तशीच नेता येत नाही, शोधून उतरवावी लागते. सुट्या रचलेल्या पोटातून ती एक बॅग काढायला वीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. म्हणजे प्रवासी गेला, विमानालाही उशीर, आणि तो उशीर दुसऱ्या टोकाच्या लाटेत शिरतो.

२०१८ पासून आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) ठराव ७५३ नुसार बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवावी लागते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, ट्रान्सफरला देताना-घेताना आणि परत प्रवाशाला देताना. हातातले स्कॅनर फार महाग नाहीत. ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, नीट चालणारं वायफाय मात्र बऱ्याच ठिकाणी नसतं, आणि स्कॅनर खिशात राहतो.

तिसरी घंटा

तुमच्या सगळ्या लाटेआधी धावपट्टी येते, विसरू नका.

समांतर टॅक्सीवे (धावपट्टीवरून ये-जा करायचा विमानांचा रस्ता) नसलेली धावपट्टी कशी चालते ते बघा. विमान उतरलं, टोकापर्यंत गेलं, तिथे १८० अंशांत वळलं आणि धावपट्टीवरूनच परत आलं. अडीच किलोमीटर, वेग वीस नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटर: चार मिनिटांहून जास्त. उतरण्याची धाव आणि वळण धरून पाच-सहा मिनिटं धावपट्टी अडते. तासाला दहा हालचाली (उतरणं किंवा उडणं). वीस विमानांची लाट उतरायला दोन तास, उडायला आणखी दोन. पहिल्या विमानातला प्रवासी शेवटच्याची वाट बघत बसतो. लंडनचा गॅटविक नेहमी एकाच धावपट्टीवर गर्दीच्या तासात ५५ हालचाली करत आला आहे. फरक डांबराच्या लांबीचा नसून टॅक्सीवे, तिरके जलद निर्गम मार्ग आणि नियंत्रणाचा आहे.

नियंत्रणाचं म्हणाल तर रडार किंवा एडीएस-बी (विमान स्वतःच आपली जागा कळवतं ती यंत्रणा) नसलेल्या हवाई क्षेत्रात एकाच मार्गावर, एकाच उंचीवर मागोमाग येणाऱ्या विमानांत साधारण दहा मिनिटांचं अंतर राखावं लागतं. लाट आकाशातच फाटते.

टर्मिनलच्या उद्घाटनाला फीत असते, टॅक्सीवेला नसते. म्हणून पैसे टर्मिनलकडे जातात. नैरोबीचा विमानतळ इतका व्यस्त असून वर्षानुवर्षं एकाच धावपट्टीवर चालला. ती बंद पडली की सगळं हब बंद.

खडूफळा

उंचीही. अदिसचा बोले विमानतळ २,३३४ मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एकपंचमांशानं विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, त्यामुळे पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी एकत्र घेता येत नाहीत. म्हणून अदिसहून वॉशिंग्टनला जाताना वाटेत इंधनासाठी थांबा, आणि येताना थेट. इथिओपियन एअरलाइन्सनं यावर मार्ग काढला तो टोगोतल्या समुद्रकाठच्या लोमेचा. तिथे २०१० मध्ये सुरू झालेल्या आस्काय या विमान कंपनीशी भागीदारी करून पश्चिम आफ्रिकेसाठी दुसरं हब बसवलं.

वाटाड्या

उड्डाणाच्या हक्कांची बाजू मांडतो, कारण सगळं तांत्रिक जमलं तरी गाडी इथे थांबते.

१९४४ च्या शिकागो कराराच्या चौकटीत प्रत्येक मार्गासाठी दोन देशांचा करार लागतो. हब चालतं ते ज्याला सहावं स्वातंत्र्य म्हणतात त्यावर: अ देशातून आपल्या देशात आणायचं (चौथं) आणि तिथून ब देशात न्यायचं (तिसरं). पण अ देश सांगतो, आठवड्याला चारच फेऱ्या, त्याही फक्त राजधानीला. रोजची जोडणी गेली. त्याच्या दृष्टीनं तेही बरोबर आहे, कारण तुम्ही त्याच्या राष्ट्रीय कंपनीचे लांबचे प्रवासी पळवणार. आफ्रिकेत यावर १९९९ चा, आपसातली उड्डाणं खुली करण्याचा यामुसुक्रो निर्णय झाला, मग जानेवारी २०१८ मध्ये एकल आफ्रिकी हवाई बाजारपेठ जाहीर झाली, तरी अंमलबजावणी देशागणिक अडखळत चालली आहे.

काही वेळा अडसर घरातलाच असतो. भारतात २००४ पासून २०१६ पर्यंत नव्या कंपनीला परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं ही अट होती. हबसाठी लागणारी परदेशी जोडणी सुरूच करू द्यायची नाही, असा त्याचा परिणाम.

आणखी एक गाठ फार जणांच्या लक्षात येत नाही. भांडवल हवं म्हणून परदेशी गुंतवणूकदार आणायचा, तर बहुतेक करारांत कंपनीची "भरीव मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण" त्या देशाच्या नागरिकांकडे असावं असं कलम असतं. गुंतवणूकदार ४९ टक्क्यांवर थांबतो, निर्णय घेता येत नाहीत म्हणून नाराज राहतो. ५१ वर गेला तर समोरचा देश उड्डाणाची परवानगी काढून घेऊ शकतो.

सुरक्षा देखरेखीचंही तसंच. अमेरिकेला थेट उड्डाण करायचं तर त्यांची सुरक्षेची परीक्षा विमान कंपनीची नसते, त्या देशाच्या नागरी उड्डाण नियामकाची असते. केनियाला त्या परीक्षेतली पहिली श्रेणी, म्हणजे उत्तीर्ण, फेब्रुवारी २०१७ मध्ये मिळाली आणि नैरोबी–न्यूयॉर्क थेट उड्डाण २८ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं. चांगले निरीक्षक नेमायचे तर पगार विमान कंपनीच्या बरोबरीनं द्यावे लागतात. सरकारी वेतनश्रेणीत ते बसत नाही, आणि शिकलेला निरीक्षक कंपनीत निघून जातो.

सांजवेळ

पैशाचा मुद्दा वेगळाच. भाडेकरार, इंधन, सुटे भाग, विमा सगळं डॉलरमध्ये. विक्री निम्मी स्थानिक चलनात. देशाकडे परकीय चलन नसलं की तिकिटाचे पैसे बँकेत अडकतात. एप्रिल २०२३ मध्ये जगभर अशी २.२७ अब्ज डॉलर रक्कम अडकल्याचं आयाटानं सांगितलं होतं, त्यातले ८१.२२ कोटी डॉलर एकट्या नायजेरियात. परदेशी कंपन्या अशा वेळी फेऱ्या कमी करतात, आणि हबला लागणारे जोडीदार हातचे जातात. पनामात डॉलरच चालतो, त्यामुळे तिथल्या कोपा या विमान कंपनीला ही डोकेदुखी घरच्या मैदानावर नाही. तिथे शिवाय सगळा ताफा एकाच कुळातल्या ७३७ चा: एकच प्रशिक्षण, एकच सुट्या भागांचं कोठार, कुठलंही विमान कुठल्याही मार्गावर.

विमान भाड्यानं देणारा आधी विचारतो: हप्ता थकला तर विमान बाहेर काढता येईल का? २००१ च्या केपटाउन कराराला देश जोडला गेला असेल, आणि न्यायालयं तो पाळत असतील, तर भाडं कमी पडतं. सही करून कायदा न बदलणारे देश पुष्कळ आहेत. त्यांच्या कंपन्या त्याच विमानासाठी जास्त अनामत भरतात.

उतारवारा

सुटे भाग म्हटल्यावर कस्टम्स आठवलं. विमान जमिनीवर अडकलंय, भाग पुढच्या उड्डाणानं आला, आणि मग बंद कार्यालयामुळे दोन दिवस गोदामात. लाटेतलं एक विमान गेलं की वीस जोड्या गेल्या. विमानतळाच्या आतच शुल्कमुक्त बंधपत्रित कोठार, चोवीस तास मंजुरी आणि आधी भाग, नंतर कागद ही पद्धत, एवढं केलं तरी फार मोठा फरक पडतो. याला धावपट्टीइतका खर्च नाही.

इंधनाचंही लाटेशी भांडण असतं. आठ तासांच्या उड्डाणाला बोइंग ७८७-९ हे मोठं विमान साधारण ६५,००० लिटर घेतं. २०,००० लिटरचा टँकर असेल तर चार खेपा, आणि डेपोतून भरून परत यायला अर्धा-पाऊण तास. पाच मोठी विमानं एकदम उभी असली तर वीस खेपा. जमिनीखालची हायड्रंट वाहिनी नसेल तर टँकरची संख्याच लाटेचा आकार ठरवते. बाहेरून जादा इंधन घेऊन यावं तर ते वाहून नेण्यातच तासाला त्याचे तीन-चार टक्के जळतात.

निळीरेघ

व्हिसा आणि इमारतीची रचना यांचं नातं सांगते. टर्मिनल फक्त येणारे आणि जाणारे यांच्यासाठी बांधलेलं असेल, मधे ट्रान्झिटचा रस्ता नसेल, तर प्रवाशाला इमिग्रेशन, बॅग घेणं, कस्टम्स, परत चेक-इन, परत इमिग्रेशन असं सगळं करावं लागतं. त्याला व्हिसा लागतो, आणि तास-दीड तास वाढतो. नंतर भिंती फोडून हा रस्ता काढणं फार अवघड, कारण आलेले आणि सुरक्षा तपासलेले प्रवासी मिसळून चालत नाहीत. नकाशा काढतानाच हे ठरवावं लागतं. शिवाय ट्रान्सफर प्रवाशालाही पूर्ण विमानतळ शुल्क लावणारे देश आहेत. दोन भाड्यांत वाटून आधीच तुटपुंज्या झालेल्या तिकिटातून ते जातं.

दिशादर्शक

सगळ्यांचे आभार. सुरुवातीला मी नकाशा आणि इमारतीबद्दल म्हटलं, त्याचं जिवंत उदाहरण श्रीलंकेतला मत्तला. मार्च २०१३ मध्ये साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीसह सुरू झाला, आजूबाजूला स्थानिक प्रवासी नव्हते, आणि जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय कंपनीनंही तिथून पाय काढला. निम्मं विमान भरायला स्थानिक माणसं नसतील तर ट्रान्सफरवर एकट्यानं मार्ग तगत नाही.

एक प्रश्न: हातात पैसा थोडा असेल तर आधी कशाला हात घालावा?

मोजपट्टी

आधी मोजा. एका आठवड्यातल्या एका लाटेचे सगळे ट्रान्सफर प्रवासी घ्या आणि प्रत्येकाची वेळ चार ठिकाणी नोंदवा: दार उघडलं, तपासणीच्या रांगेत लागला, तपासणीतून सुटला, गेटवर पोचला. सरासरी काढू नका. शंभरांतला पंच्याण्णवावा माणूस किती वेळात पोचतो ते बघा, कारण विमान थांबवायचं की नाही हा प्रश्न त्याच्यामुळेच येतो. बहुतेक ठिकाणी अर्ध्याहून जास्त वेळ एकाच टप्प्यात जाताना दिसेल. तिथेच पहिला पैसा.

सांजवेळ

मोजपट्टी यांच्याशी सहमत, फक्त हे मोजमाप वर्षातून दोनदा करा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. तिथल्या गर्दीच्या विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, स्थानिक वेळेला बांधलेले, आणि तुमच्या देशात घड्याळ बदलत नाही. म्हणजे युरोपची विमानं एका रात्रीत तासभर सरकतात, बाकी शहरांची जागच्या जागी राहतात. हिवाळ्यात ७० मिनिटांची असलेली जोडणी उन्हाळ्यात १३० होते किंवा १० होऊन तुटते. बाकीच्या शहरांच्या वेळा बदलून घ्यायचे अर्ज त्या-त्या देशांकडे काही महिने आधी जायला हवेत.